आईस सागर दाखविणेबाबत

मे महिन्याच्या शेवटी, ज्वारी निवडता निवडता आई म्हणाली, "हनुमान, पाऊस पडायच्या आदी मला एकदा सागर दाव."

वाक्य एवढंच होतं. पुढं जे झालं त्यात माझी चूक किती आणि या वाक्याची किती, ते वाचणाऱ्यानं ठरवावं. मी घडलं तसं सांगतो.

"सागर?" मी विचारलं.

"हां. कडूबाईचा फोन आलता. सागर उघडा पडलाय म्हनली. लई दिस मनात हाय माज्या. पाऊस पडला की मग काई खरं न्हाई."

कडूबाई मावशी ही आईची लहानपणची मैत्रीण. सागर उघडा पडलाय, म्हणजे तिकडचा हंगाम सुरू झालाय, असा अर्थ मी लावला. कार्यालयात सरकारी पत्रांचे अर्थ लावण्यात माझी हयात गेली आहे. पत्रात न लिहिलेला अर्थसुद्धा मी काढू शकतो. इथंही तसाच काढला.

मी बीडला पाटबंधाऱ्याच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. माजलगाव, मांजरा, जायकवाडी या धरणांचा पाणीसाठा रोज सकाळी फोनवर विचारायचा, रकान्यांत भरायचा आणि दहाच्या आत वर पाठवायचा, हे माझं काम. पाणी मी रोज लिहितो. बघायचा प्रसंग क्वचित येतो, कारण घरी नळ दहा-बारा दिवसांतून एकदा येतो आणि तेव्हा मी कार्यालयात असतो.

आईचं वाक्य माझ्या बायकोनं, योगितानं, स्वयंपाकघरातून ऐकलं आणि ती हात पुसत बाहेर आली. "आत्याबाईंच्या मनात आलंय, तर नाही म्हणू नका," ती म्हणाली. तिच्याही मनात लग्नापासून होतं, पण ते मन माझ्या ओळखीचं असल्यानं मी त्याला दाद देत नसे. आरोही, आमची मुलगी, पोलीस भरतीची तयारी करते. ती म्हणाली, "वाळूत पळायची प्रॅक्टिस होईल, पप्पा." म्हणजे मतदान तीन विरुद्ध शून्य झालं. मला मत विचारलं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज लिहिला. विषय : आईस सागर दाखविणेबाबत. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"लोमटे, पूर नियंत्रण कक्ष सुरू होतोय. आता कसली रजा?"

"साहेब, बिंदुसरेच्या पात्रात थेंब नाही."

"थेंब नसला तरी कक्ष असतो." साहेबांनी पेन उघडलं. "आणि सागर दाखवणे हे कारण नियमात कुठं बसतं? देवदर्शन लिहा. देवदर्शनाला कुणी आडवं येत नाही."

"कोणता देव लिहू?"

"ज्या दिशेला चाललात त्या दिशेचा कुठलाही."

मी सागर खोडून देव केला. खाडाखोडीवर सही केली. शुक्रवार मिळाला, आणि त्याला जोडून शनिवार-रविवार.

बातमी गल्लीत मी पोचायच्या आत पोचली होती. आमचे शेजारी बंकटराव एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आहेत. नोकरीत असताना ते एकदा लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर कोकणात गेले होते, आणि तेव्हापासून अरबी समुद्र हा विषय गल्लीत त्यांच्याकडे आहे.

"हनुमानराव, तुम्हाला काय, नाव असं आहे की एका उडीत जाल," ते म्हणाले. गल्ली हसली. हा विनोद त्या आठवड्यात मी सगळ्यांकडून ऐकला, दूधवाल्याकडूनही. "पण तिकडं भाकरी मिळत नाही. भात देतात. सकाळी भात, संध्याकाळी भात. भाकऱ्या बांधून घ्या. आणि पाणी तोंडात घेऊ नका, खारं असतं."

समोरचे एक गृहस्थ म्हणाले, "पाणीच बघायचंय तर कपिलधारच्या धबधब्याला न्या की म्हातारीला. तेल वाचेल." मे महिन्यात कपिलधारला धार नसते, नुसता कपिल असतो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते लागलं. पुढं ते माझ्याशी बोलले नाहीत, त्यामुळं त्यांचा सल्ला तेवढा कमी झाला.

बंकटरावांच्या मंगलवहिनी शेवटी आल्या, हातात पाच लिटरचा कॅन घेऊन. "सागराचं पाणी गुडघ्याला चोळलं की गुडघा मोकळा होतो म्हणतात. एवढा भरून आणा, भाऊजी." ते बघून बाकीच्या घरांनाही आपापले गुडघे आठवले. आमच्या गल्लीत कॅनला तोटा नाही. शुक्रवारी निघालो तेव्हा गाडीच्या डिकीत आमच्या पिशव्यांपेक्षा लोकांचे रिकामे कॅन जास्त होते आणि प्रत्येक गतिरोधकाला ते टाळ्या वाजवत होते.

आईनं मात्र एकच पिशवी घेतली होती. ती तिनं डिकीत टाकू दिली नाही, मांडीवर ठेवली. आत खण, नारळ, हळद-कुंकू आणि हिरव्या बांगड्या होत्या.

"समुद्राची ओटी भरणार वाटतं," योगिता माझ्या कानात म्हणाली. आम्हाला कौतुक वाटलं.

गाडी नगरच्या रस्त्याला लागली. आई खिडकीबाहेर बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "गेवराई आली का?"

"आई, गेवराई या रस्त्याला नाही."

"नाई कशी? सागराला गेवराईवरूनच जात्यात."

मी गाडी बाजूला घेतली, मोबाइलवर नकाशा उघडला आणि तिला शांतपणे दाखवलं. हे बीड. ही गेवराई, वर. आपण चाललो असे, डावीकडं. तिनं नकाशा डोळ्याजवळ धरला.

"म्हंजे आपण उलटं चाललो," ती म्हणाली.

"उलटं नाही, आई. सरळ चाललोय."

"उलटं कावून चाललो पर?"

योगितानं माझ्याकडं आरशातून बघितलं. आईचं वय सत्तरीला टेकलंय. या वयात दिशांचा घोटाळा होतो, आपण समजून घ्यायचं असतं. मी समजून घेतलं. इतक्या समजूतदारपणे मी आयुष्यात कधी चुकलो नव्हतो. नगर येईपर्यंत तिनं आणखी दोनदा गेवराईची चौकशी केली आणि मग ती सोडून दिली.

पुण्याच्या पुढं घाट लागला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना रान एवढं दाट की ऊन खाली उतरायला जागा शोधत होतं. करवंदं विकायला बसलेल्या बाया, जांभळानं काळा झालेला रस्ता, दरीत कुठं तरी कोकीळ. मे महिन्यात एवढं हिरवं आम्ही कुणीच बघितलं नव्हतं.

"हितं तण कोण काढतं?" आईनं विचारलं.

"कुणी नाही, आज्जी. जंगल आहे," आरोही म्हणाली.

"तरीच," आई म्हणाली.

घाटात गाडी तापली. गाडी आमच्यासारखीच, सपाटीवर वाढलेली. बॉनेट उघडून मी पाणी घालायला गेलो, तेव्हा कळलं की डिकीत एवढे कॅन आहेत आणि एकातही पाणी नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या थांबत. कॅनांची ती रास बघून एकानं विचारलं, "तेल विकता का?" शेवटी करवंदवाल्या बाईनं झऱ्यावरून कळशी आणून दिली. पाटबंधारे खात्यात मी नोकरीला आहे हे मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, आम्ही किनाऱ्यावर पोचलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात त्या गावाचा काही दोष नव्हता. वाळू घट्ट होती. इतर गाड्यांच्या चाकांच्या खुणा थेट पाण्यापर्यंत गेल्या होत्या. आईला चालायला नको म्हणून मीही गाडी थेट पाण्याजवळ नेली, आणि कॅन चढवायला सोपं पडावं म्हणून डिकी पाण्याकडं केली. इतर गाड्या तिथं का नाहीत, हा प्रश्न मला पडला नाही.

समुद्र मोठा होता. त्याबद्दल बंकटरावांनी खोटं सांगितलं नव्हतं. योगिता साडी वर धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि कुणी चिमटा काढल्यासारखी हसत सुटली. आरोही वाळूत पळू लागली. मी लोकांचे कॅन भरू लागलो. आई जरा वरच्या अंगाला, सुरूच्या झाडाखाली टॉवेल टाकून बसली, पिशवी मांडीवर.

एवढ्यात लांबून एक माणूस हात हलवत ओरडत आला. "ओ! भरती सुरू झाली! भरती!"

आरोही पळता पळता जागच्या जागी थांबली. "पप्पा! जाहिरात निघाली!"

भरती आणि ओहोटी हे शब्द मी शाळेत शिकलो आहे. परीक्षेत लिहिले आहेत. पण आमच्या जिल्ह्यात भरती म्हटलं की एकच भरती, आणि तिची वाट बघत घराघरांत मुलं पहाटे उठून मैदानावर पळतात. आरोहीनं मोबाइल काढला, त्याला रेंज नव्हती. तो माणूस जवळ आला होता. मी त्याला कळकळीनं विचारलं,

"कशाची? पोलीस की तलाठी?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या पाठीमागं बोट केलं. गाडीची मागची चाकं पाण्यात होती.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. मी गाडी चालू केली, चाकं फिरली, गाडी पुढं जायच्याऐवजी खाली गेली. लाट येई, दाराला थाप देई, जाई. पायाखालचं मॅट तरंगू लागलं. शेवटी एक ट्रॅक्टर आला, दोर बांधला गेला, पंधरा-वीस माणसं जमली, आणि आमची गाडी ओल्या शेळीसारखी ओढत वर आणली. दोर सोडताना ट्रॅक्टरवाल्यानं सहज चौकशी केली, "काय करता आपण?"

"पाटबंधारे खात्यात आहे," मी म्हणालो. घाटात लपवलं होतं, इथं तोंडून निघून गेलं.

कुणी हसलं नाही. कोकणातली माणसं सभ्य असतात. त्यांनी नुसतं समुद्राकडं बघितलं.

मी आईजवळ जाऊन बसलो. बुटांत वाळू, सॉक्समध्ये पाणी. ती अजून त्याच जागी होती आणि त्या एवढ्या पाण्याकडं बघत होती. ती म्हणाली,

"हनुमान, ह्येच्यात किती गावं गेली रं?"

"गावं कशी जातील? हा पहिल्यापासूनच आहे."

"पहिल्यापासनं?" तिला नवल वाटलं. "म्हंजे कुनाचंच काई न्हाई बुडालं?"

"कुणाचंच नाही." मी गाडीकडं बघायचं टाळलं.

"लई नशिबाची मान्सं," आई म्हणाली. मग माझ्याकडं वळून, अगदी साधेपणानं, जसं एखादा पत्ता विचारावा तसं तिनं विचारलं, "मग आपण हितं कावून आलो? माजं देऊळ हितं कुटं आसंल?"

आता कळलं ते असं. आमच्या कार्यालयात त्या धरणाला जायकवाडी म्हणतात. माझ्या रकान्यात तेच नाव छापलेलं आहे. त्यामागं पसरलेल्या पाण्याला नाथसागर असं नाव आहे, आणि काठचे लोक तेवढंही म्हणत नाहीत, ते नुसतं सागर म्हणतात. आई लग्न होऊन बीडला आली आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिच्या माहेरावर, कुरणपिंपळवर, हा सागर चढला. मामा नव्या वसाहतीत गेले. मी सुट्टीत जायचो ते मामाचं गाव नवं होतं, सरळ रस्त्यांचं, पत्र्याच्या शाळेचं. जुनं गाव पाण्यात आहे हे मला माहीत होतं, जसं आपल्याला भूगोल माहीत असतो. पाणी तळाला गेलं की त्या गावातलं लक्ष्मीआईचं देऊळ वर येतं. मागच्या वेळी वर आलं तेव्हा माझे वडील अंथरुणाला खिळले होते, आणि आई जाऊ शकली नव्हती. आणि मी त्याच आठवड्यात सकाळी दहाच्या आत वर कळवलं होतं, जायकवाडी मृतसाठ्याला टेकला. या ओळीचा अर्थ आईचं गाव उघडं पडलं असा होतो, हे कुठल्याही रकान्यात नव्हतं.

"आई, मग आधी बोलली का नाहीस?"

"बोलले की. गेवराई कावून न्हाई आली म्हनले. तू नकाशा दावला."

योगिता मागं येऊन उभी होती. तिचा पदर ओला होता. "आणि आपण त्यांना उलटं-सुलटं समजावत बसलो," ती म्हणाली. 'आपण' म्हणाली, हा तिचा मोठेपणा.

पश्चिमेला ढग होते. आम्ही उतरलो होतो त्या घराचे मालक म्हणाले, दोन दिवसांत पडेल. पाऊस कोकणात पडला तरी सागर लगेच भरत नाही, एवढं मला नोकरीनं शिकवलं आहे. पण आईनं त्याहून साधी गोष्ट सांगितली. "येक सर पडली की समदा गाळ व्हतोय. गुडघाभर. मग तिथवर माज्यानं जाववत न्हाई रं."

रविवारी फटफटलं तसे निघालो. गाडी सुरू झाली, हे मी तिचे उपकार समजतो. आतून ती वाळलेल्या बोंबलासारखी वास मारत होती. डिकीत भरलेले कॅन आता टाळ्या वाजवत नव्हते, गपगप हलत होते. घाट चढताना मी आरशात बघे, तर ढग आमच्या मागं मागं. आरोही म्हणाली, "पप्पा, जरा दाबा." जिला पोलिसात जायचंय तिनं असं बोलू नये, पण मी दाबली. पुणं, नगर, शेवगाव. कुणी जेवायला थांबू म्हणालं नाही. बंकटरावांच्या सल्ल्यानं बांधलेल्या भाकऱ्या तेव्हा कामी आल्या.

ऊन कलतीला लागलं तेव्हा पोचलो. पाणी लांब, क्षितिजाला चिकटलेलं, आणि अलीकडं मैलभर भेगाळलेला काळा गाळ. मधेच कुणी टरबुजं लावलेली, कुणाचं इंजिन फटफटत पाणी ओढतंय. काठावर बाभळीच्या सावलीत कडूबाई मावशी बसल्या होत्या.

"कुटं गेलतीस गं भवाने? चार दिस झाले वाट बघतेय!"

"समुद्राला गेलते."

"कावून?"

"पोरानं नेलं."

मावशींनी माझ्याकडं असं बघितलं की त्यापेक्षा साहेब परवडले.

आई पुढं आणि आम्ही मागं. दिसायला तिथं काही नव्हतं. दगडांच्या ओळी, एखादं उखळ, कुठं जोत्याचा कोपरा. पण तिचे पाय थांबत नव्हते. घरी जिना चढताना दोनदा बसणारी ही बाई. मी सरळ वाट बघून एका पडक्या भिंतीच्या बाजूनं निघालो, तर तिनं मला दंडाला धरून मागं ओढलं.

"तिकडून नगं. पाटलाचं कुत्रं आसतंय."

पन्नास वर्षं पाण्याखाली असलेल्या कुत्र्याला मी वळसा घालून गेलो. योगिताही गेली. आरोहीही गेली.

देऊळ म्हणजे कमरेएवढ्या चार भिंती, आणि आत गाळानं लिंपलेला तांदळा, म्हणजे देवीचा बिनचेहऱ्याचा दगड. आई त्यापुढं उभी राहिली. "आई, लई माखलीस गं," ती म्हणाली. आता धुवायला पाणी हवं, आणि पाणी तर मैलभर लांब. आम्ही सगळे एकमेकांकडं बघू लागलो आणि आरोही गाडीकडं पळाली. तिच्या पळण्याचा पहिला उपयोग तो झाला. दोन हातांत दोन कॅन घेऊन आली. मग पुन्हा गेली.

"आई, खारं आहे ते," मी म्हणालो.

"आसू दे. तिनं बी कुटं बघितलाय समुद्र?"

गल्लीतल्या सगळ्या गुडघ्यांचं पाणी त्या देवीवर ओतलं गेलं. मंगलवहिनींचा कॅन सगळ्यात शेवटी. गाळ उतरला आणि आतून शेंदूर निघाला, फिका, पण होता. आईनं ओटी भरली, बांगड्या ठेवल्या, नारळ मी फोडला. कडूबाई मावशी बाजूला बसून डोळ्याला पदर लावत होत्या आणि त्याच पदरानं माश्याही हाकत होत्या. आईनं डोकं टेकवलं. ती काय मागते ते ऐकायचं नसतं, पण तिचा आवाज जरा मोठा आहे.

"पुडल्या साली दिसू नगंस, आई. लई पानी येऊ दे. मी यायची न्हाई तुला बघायला, राग मानू नगंस."

मीही शेजारी डोकं टेकवलं होतं; जमिनीवरची माझी बोटं त्या गाळाला चिकटली होती. मी ती लगेच पुसली नाहीत.

परत येताना टरबुजवाल्याच्या इंजिनावर आईनं सगळे कॅन विसळून सागराच्या पाण्यानं भरून घेतले. मी म्हणालो, "मंगलवहिनींनी समुद्राचं सांगितलं होतं." ती म्हणाली, "सागराचं म्हनली ती. म्या ऐकलंय." यावर बोलायचा अधिकार माझ्याकडं उरला नव्हता. मंगलवहिनींचा गुडघा पुढं बराच मोकळा झाला, हे इथंच नोंदवतो.

वाटेत एक गाव लागलं, हमरस्ता, ट्रकांची रांग, दिव्यांनी उजळलेली दुकानं. आईनं मागून माझ्या खांद्यावर बोट टोचलं. "ही बघ गेवराई. हिकडून जायाचं आसतंय."

सोमवारी साहेबांनी विचारलं, "झालं का देवदर्शन?" मी म्हणालो, झालं. खाडाखोड करून लिहिलेलं माझं एवढं एक कारण शब्दशः खरं ठरलं. मग दहाच्या आत जायकवाडीचा रकाना भरला.

संध्याकाळी बंकटराव ओट्यावर येऊन बसले. समुद्राची खबर त्यांच्या परवानगीशिवाय गल्लीत पसरू नये, असा त्यांचा चेहरा होता. मी वाळूनं भरलेली मॅटं झाडत होतो. त्यांनी माझ्याकडं दुर्लक्ष केलं आणि आईला विचारलं,

"काय छबुबाई, कसा वाटला सागर?"

आईनं ज्वारीतला खडा बाजूला काढला आणि मान वर केली.

"कोन्चा?"